अकरा मीटरवरचा दगड

१

महाप्याच्या एका तीन मजली इमारतीत, खाली कुरियरचं गोदाम आणि वर लिफ्टचे सुटे भाग बनवणारी कंपनी, यांच्या मधल्या मजल्यावर बारा माणसं रोज सकाळी साडेनऊला मंगळावरचे दगड ओळखायला बसत. कामाचं नाव ऐकून नातेवाईक भुवया उंचावत. काम प्रत्यक्ष बघितलं असतं तर त्यांनी जांभई दिली असती. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेची गाडी मंगळावर फिरली होती, तिने ढिगाने फोटो काढले होते, आणि पुढच्या गाडीला आपली वाट आपणच शोधता यावी म्हणून त्या फोटोंतल्या प्रत्येक गोष्टीभोवती माउसने रेघ ओढून तिला नाव द्यायचं होतं. नावं पाचच. पक्का खडक, सुटा दगड, वाळू, सावली, आणि यातलं काहीच नसेल तर 'इतर'. इतर म्हणजे बहुतेक वेळा गाडीचंच चाक, नाहीतर काचेवरचा डाग.

या बारा जणांत उज्वला फडतरे वयाने सगळ्यांत मोठी, चव्वेचाळीस वर्षांची. भूगर्भशास्त्राची पदवी असलेलीही ती एकटीच. तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत पंधरा वर्षं तिने पुलांच्या पायाखालचे खडक तपासले, ती प्रयोगशाळा बंद पडल्यावर इथे आली. बाकीचे कुणी कॉमर्सचे, कुणी हॉटेल मॅनेजमेंट अर्ध्यावर सोडलेले. वडील खाणीत कामाला असल्यामुळे दगड उज्वलाच्या घरातलाच होता, आणि त्या बाबतीत तिला कुणी शिकवलेलं खपत नसे. मंगळ झाला म्हणून काय झालं, काळा पाषाण तो काळा पाषाणच, असं ती नव्या पोरांना ऐकवायची.

भिंतीवरच्या टीव्हीवर प्रत्येकाच्या अचूकतेचा आकडा दिवसभर दिसत राही. उज्वलाचा अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा, सगळ्यांत वर. हा आकडा काढायची रीत मजेशीर होती. प्रत्येक फोटो तीन जणांकडे वेगवेगळा जाई. दोघांचं एकमत झालं की ते बरोबर, तिसरा चूक. खरं काय ते मंगळाला विचारायची सोय नसल्याने कंपनीने काढलेला हा तोडगा होता, आणि एकमेकांशी फोटोबद्दल बोलायला सक्त मनाई होती. उज्वलाच्या तिघांत बाकीचे दोघे म्हणजे जाई आणि यशराज.

सोमवारी सकाळी तिसऱ्या फोटोत तिला तो दगड दिसला. मंगळावर लाल धूळ सगळ्यावर बसते, जशी आपल्याकडे पंख्याच्या पात्यांवर बसते. या फोटोतही लहानमोठ्या सगळ्या दगडांच्या माथ्यावर धूळ होती. हा एक तेवढा स्वच्छ होता. गुडघ्याएवढा उंच, खाली रुंद, वर निमुळता, आणि माथा पुसल्यासारखा काळा. वाऱ्याने उडाली असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. मग बाकीच्यांची का नाही उडाली, हा प्रश्न तिला पडला, पण त्या प्रश्नासाठी पाच नावांत नाव नव्हतं. तिने रेघ ओढली, 'सुटा दगड' केलं आणि पुढे गेली.

२

मंगळवारी तो पुन्हा दिसला. मंगळावरच्या एका दिवसात गाडी चाळीसेक मीटर पुढे सरकलेली होती, मागची टेकडी फोटोच्या उजव्या कडेला गेली होती, पण दगड समोरच. तेच रुंद बूड, तोच निमुळता माथा, तसाच स्वच्छ.

उज्वला घाबरणाऱ्यांतली नव्हती. कंपनी अधूनमधून कसोटीचे फोटो घुसडते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांची उत्तरं आधीच ठरलेली आहेत असे फोटो मध्येच द्यायचे आणि कोण डुलक्या घेतंय ते बघायचं. एकच दगड निरनिराळ्या फोटोंत चिकटवून कुणीतरी आपली परीक्षा घेतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. परीक्षेत तर ती कधीच नापास झाली नव्हती. सुटा दगड.

जेवायच्या सुट्टीत जाईने डबा उघडला आणि तसाच मिटला. जाई चोवीस वर्षांची, ऐरोलीहून येणारी, तोंडाची फटकळ पण मनाची हळवी. मोबाईल आणि बोलणं दोन्ही बाहेर ठेवून कामाला बसायचं असल्याने सुट्टीत तिची टकळी सुरू व्हायची. आज ती गप्प होती.

"काय गं, भांडलीस का घरी?" उज्वलाने विचारलं.

"नाय ताई. मला वॉर्निंग आलीये. एका फोटोत मी 'इतर' टाकलं, आणि तुम्ही दोघांनी दगड टाकला असणार. चूक धरलं."

"मग होता का दगड?"

जाईने इकडेतिकडे बघितलं. "ताई, तो बसलाय हो."

"दगड बसलेलेच असतात. उभे राहिलेले बघितलेस का कधी?" उज्वला म्हणाली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं आणि जाईही कसनुसं हसली. पण उज्वलाला नंतर आपल्याच बोलण्याचा राग आला, कारण जाई कुठल्या फोटोबद्दल बोलतेय हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं. विचारायची गरज वाटली नव्हती.

३

घणसोलीला तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि पूर्वेला गॅलरी. गॅलरीत प्लास्टिकच्या हातांच्या खुर्चीवर उज्वलाचे वडील जोतीराम, म्हणजे अण्णा, दिवसभर डोंगराकडे तोंड करून बसत. पाच महिन्यांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, डावा खांदा वीतभर खाली आला होता आणि मान त्याच बाजूला कलली होती. व्यायाम करून घ्यायला येणारा पोरगा म्हणायचा की पायांत ताकद आहे, आजोबा उठायला बघतच नाहीत. घरात तिसरं माणूस नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि उज्वलाच्या लग्नाचा विषय आता नातेवाइकांनीही सोडून दिला होता. तिला वडील उठून चालायला हवे होते. देवाकडे तिचं दुसरं मागणं नव्हतं.

दिवसभर तळवलीच्या शकुबाई त्यांच्याजवळ असत. संध्याकाळी उज्वला आली की त्या दिवसाचा अहवाल देऊन पायांत चपला सरकवत. "पानी पिलं, पेज खाल्ली अर्धी. बोलनं काय नाय. डोंगराकरं बगतात नुसतं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

अण्णांना भरवताना उज्वला ऑफिसातलं काहीबाही सांगत राही. त्यांना कळतंय की नाही याची ती फिकीर करत नसे. त्या दिवशी तिने दगडाचं सांगितलं. फोटो दाखवता येण्यासारखा नव्हता, मोबाईल तर ऑफिसात लॉकरमध्ये कुलूपबंद असायचे. तिने कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर पेनाने चित्र काढलं. खाली रुंद, वर निमुळता.

अण्णांनी चित्र उजव्या हातात घेतलं. बराच वेळ बघितलं.

"तोंड," ते म्हणाले. महिन्याभरात त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द होता. "तोंड... कुनीकडं हाय?"

उज्वलाला इतका आनंद झाला की काय विचारलंय याकडे तिचं लक्षच गेलं नाही. "अहो, दगड आहे तो. दगडाला कुठलं तोंड?"

"बगून सांग," अण्णा म्हणाले, आणि चित्र छातीशी धरून पुन्हा डोंगराकडे बघू लागले.

४

बघायला काय हरकत आहे, असं म्हणत बुधवारी तिने बघितलं. सोमवारपासूनचे फोटो मागे जाऊन काढले. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर मोजायची पट्टी होती. आठ फोटोंत तो दगड होता आणि आठही फोटोंत तो गाडीपासून अकरा मीटरवर होता. गाडी पुढे गेली तरी अकरा, वळली तरी अकरा. उंची बासष्ट सेंटिमीटर. तोंड कुठे आहे ते तिला दिसलं नाही. पाठ कुठे आहे ते मात्र दिसल्यासारखं वाटलं, आणि तिने पट्टी मिटवली.

कसोटीचेच फोटो. दुसरं काय असणार.

त्या दुपारी तिचा आकडा अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहावरून अठ्ठ्याण्णव पूर्णांक पाचावर आला. म्हणजे एका फोटोत बाकीच्या दोघांनी मिळून तिला चूक ठरवलं होतं. जाईने पुन्हा 'इतर' टाकलं होतं आणि या वेळी यशराजनेही. यशराज खरं तर मान वर न करता काम उरकणारा. त्याच्याकडे तिने बघितलं तर तो पाण्याची बाटली तोंडाला लावून बसला होता आणि पीत नव्हता.

गुरुवारी मंगळावरच्या पुढच्या दिवसाचे फोटो आले. दगड अकरा मीटरवरच होता. उंची एक्याऐंशी. उज्वलाने पट्टी तीन वेळा लावली. दगडाचं बूड आणि जमीन यांच्यामध्ये आता एक फट होती आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. जमिनीला टेकलेलं उरलं होतं ते दोन्ही बाजूंना थोडं थोडं. उकिडवा बसलेला माणूस उठताना आधी हात टेकतो, तेव्हा त्याच्याखालून असाच उजेड दिसतो.

तिने 'सुटा दगड' केलं. तिचा हात थंडगार पडला होता. एसी फार आहे, असं ती शेजारणीला म्हणाली.

चार वाजता सुपरवायझर सुधीर सरांनी तिघांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. सुधीर माणूस वाईट नव्हता, पण क्लायंटचा मेल आला की त्याला घाम फुटायचा. "वाटेच्या मधोमध 'इतर' कुठून आलं म्हणून विचारतायत ते. ढगात घोडा दिसतो तसा प्रकार आहे हा. डोळे थकले की माणसाला सगळीकडे माणसं दिसतात. टेन्शन घेऊ नका, पण असलं काही टाकूही नका. जाई, तुझी ही शेवटची वॉर्निंग. पुढचं 'इतर' पडलं तर मी काही करू शकणार नाही."

"सर, पण तो हलला," जाई म्हणाली.

"कोण हलला? अगं, चार वर्षांपूर्वीचे फोटो आहेत हे. ती गाडी कधीच बंद पडली. तू आज काहीही टाकलंस म्हणून चार वर्षांपूर्वीचा दगड हलणार आहे का?"

उज्वलाला तर हे ऐकून चक्क हायसं वाटलं. चार वर्षांपूर्वीचे फोटो. तिने तो फोटो पुन्हा उघडला, बाकीच्या दोघांनीही उघडला, आणि तिघांनी मुकाट्याने 'सुटा दगड' केलं. शुक्रवारच्या फोटोंत उंची बासष्ट होती, बूड जमिनीला नीट टेकलेलं होतं आणि फट दिसत नव्हती. उज्वलाने हे कुणाला सांगितलं नाही. तिघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

५

"तोंड बगितलंस?" अण्णांनी शनिवारी विचारलं. चित्राचा कागद त्यांच्या मांडीवरच होता. शकुबाई सांगत होत्या की तो हातातून काढू देत नाहीत.

"नाही दिसलं अण्णा. पण तुम्ही बोलायला लागलात, हेच खूप झालं."

त्यांनी उजव्या हाताने समोर दाखवलं. दूर डोंगराच्या कुशीत एक तुटलेला उभा कडा दिसत होता. तिथली खाण बंद पडून वर्षं लोटली होती. साताऱ्याकडून आल्यावर अण्णांनी बावीस वर्षं तिथे काढली, झेंडीवाला म्हणून. दुपारी बार उडवायच्या आधी खाणीच्या काठावरून सगळी चक्कर मारायची, खाली कुणी राहिलं नाही ना ते बघायचं, आणि मग हिरवी झेंडी खाली घ्यायची. त्यांच्या झेंडीशिवाय सुरुंगाला कुणी हात लावत नसे. लहानपणी उज्वलाला या गोष्टीचा फार अभिमान होता.

"त्यानं... पोतं घेतलं हुतं," अण्णा म्हणाले. एकेक शब्द ते वजन उचलल्यासारखा उचलत होते. "डोक्यावर. उनाचं. खाली बसल्याला. म्या वरनं बगितलं. मला वाटलं दगुड."

उज्वलाच्या हातातला चमचा थांबला.

"झेंडी घेतली. बार झाला. मान्सं मोजली. येक कमी." त्यांनी श्वास घेतला. "मुकादम म्हनला, गावाला गेला आसंल. मला इचारलं, खाली काय हुतं. म्या म्हनलं, दगुड हुता."

गॅलरीखाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. इतकी वर्षं या माणसाने हे पोटात ठेवलं, आईलाही कळू दिलं नाही, आणि आपण त्याला रोज दगडांच्या गमती सांगत बसलो, या विचाराने उज्वलाला भरून आलं.

अण्णांनी तिचं मनगट पकडलं. उजव्या हाताची पकड अजून खाणकामगाराची होती. "तू शिकल्याली हायस, उजे. दगुड वळखतीस. नीट बगून सांग मला. दगुडच हाय न्हवं?"

ते कुठल्या दगडाबद्दल विचारत होते, खाणीतल्या की फोटोतल्या, हे तिने विचारलं नाही. दगडाबद्दल ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"दगडच आहे, अण्णा. मी नीट बघितलंय. दगडच."

त्यांचा चेहरा सैल पडला. मनगट सुटलं. त्या रात्री ते पाच महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपले, आणि उज्वलाला वाटलं, आपण चांगलंच केलं.

६

सोमवारपासून अण्णा पुन्हा बोलेनासे झाले. तरी चेहऱ्यावर समाधान होतं, म्हणून उज्वलाने मनावर घेतलं नाही. मंगळवारी ते जेवले नाहीत. बुधवारी शकुबाई दारातच उभ्या होत्या.

"ताय, मना एकटीला नाय उचलत आता. खालच्या वॉचमनला बोलावला. दोगांनापन नाय उचलत. मानूस असा जर कसा होईल?"

"अंग सोडून दिलं की माणूस जड लागतो, शकुबाई."

"मी काय कमी मान्सं उचलली? सासरा उचलला, नवरा उचलला. असा जर कोन नाय लागला. हात लावून बगा, कसं गार लागतंय."

उज्वलाने हात लावला. गार तर होतंच, टणकही लागलं. संध्याकाळची वेळ, गॅलरीत वारा होता, सूज असेल. तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुसरा झटका असू शकतो, उद्या दुपारी बारापर्यंत येऊन बघतो, हलवू नका. हलवणं तसंही शक्य नव्हतं. रात्री तिने त्यांना खुर्चीवरच उशा लावून दिल्या आणि स्वतः शेजारी खाली झोपली. पहाटे जाग आली तेव्हा त्यांच्या खांद्यावर, केसांवर धूळ बसली होती. तिने पदराने पुसली. रस्त्यापलीकडे इमारतीचं काम चालू होतं, धूळ येणारच.

७

गुरुवारी रजा घ्यायला हवी होती. तिने सुधीरला विचारलंही होतं. महिनाअखेर आहे, बारापर्यंत काम संपवून जा, असं तो म्हणाला आणि तिने मान्य केलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना तो फोटो आला. सपाट वाळू, मागे तीच टेकडी, आणि अकरा मीटरवर दोन दगड, एकमेकांना लागून. एक ओळखीचा, रुंद बुडाचा, निमुळता. दुसरा त्याच्या डाव्या हाताला, थोडा उंच, खुर्चीवर बसल्यासारखा. त्याची डावी बाजू वीतभर खाली उतरलेली होती. माथा त्याच बाजूला कलला होता. दोघांवरही धूळ नव्हती.

उज्वलाने डोळे मिटले आणि उघडले. ढगात घोडा दिसतो. डोळे थकले की माणसाला माणसं दिसतात. फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे. चार वर्षांपूर्वी अण्णा धडधाकट होते, रोज सकाळी सेंट्रल पार्कला फेऱ्या मारत होते, त्यांचा खांदा सरळ होता. ही सगळी वाक्यं तिने मनात नीट म्हटली. एकही कामाला आलं नाही. खालचा खांदा कुणाचा आहे हे तिला कळत होतं. रोज त्या खांद्यावरून ती सदरा चढवत होती.

तिने दुसऱ्या दगडाभोवती रेघ ओढायला घेतली. रेघ पूर्ण झाली की सॉफ्टवेअर ती पुसून दोघांभोवती मिळून एक मोठी रेघ ओढी. तो नियमच होता. एकमेकांत गेलेले, मधली कड दिसत नाही असे दगड एकत्र धरायचे आणि दोघांना मिळून एकच नाव द्यायचं. तिने चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी तिने मोठं करून बघितलं, तर मधली कड खरंच नव्हती. पोतं घेतलेल्याचा हात याच्या खालच्या खांद्यावर होता.

म्हणजे दोघंही दगड, नाहीतर दोघंही दगड नाहीत. एकाला सोडायचं आणि एकाला तिथेच बसवून ठेवायचं, ही सोय नव्हती. तो पोतंवाला उठला तर काय, याचा विचार करायला तिने स्वतःला वेळच दिला नाही. हा विचार करत बसली असती तर तिला 'सुटा दगड' करावंसं वाटलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

बाहेर व्हरांड्यात लोखंडी लॉकरमध्ये कुणाचा तरी मोबाईल थरथरत होता. थांबला, पुन्हा सुरू झाला.

तिने 'इतर' केलं. पण एकटीच्या मताने काही होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? यशराज आता 'दगड'च टाकणार. ती उठली, सगळ्यांच्या देखत चार टेबलं ओलांडून जाईजवळ गेली आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. जाईच्या पडद्यावर तोच फोटो होता.

"जाई, तुला काय दिसतंय?"

"ताई, बोलायचं नाहीये. सर बघतायत."

"बघू देत. काय दिसतंय ते सांग."

जाईने ओठ चावला. "दोघं बसलेत. ताई, मी दगडच टाकते आहे हां. माझी शेवटची वॉर्निंग झालीये. घरी मी एकटीच कमावते."

"माहितीये मला." असं कुणाकडे मागायची उज्वलाला सवय नव्हती. "तो डावीकडचा माझा बाप आहे. तुला पटत नसेल तर टाक दगड. मी काही म्हणणार नाही."

जाईने पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. वेड लागलंय का असं विचारेल, असं उज्वलाला वाटलं. जाईने विचारलं, "आणि तो दुसरा?"

केबिनचं दार उघडून सुधीर बाहेर येत होता. जाईने माउस हातात घेतला, 'इतर' केलं आणि खुर्ची मागे सरकवून दोन्ही हात मांडीवर ठेवले. "जाऊ दे. तसंही मला इथं बसवत नव्हतं," ती म्हणाली.

टीव्हीवर यशराजचा आकडा एका दशांशाने खाली गेला.

८

लॉकर उघडेपर्यंत सात मिस्ड कॉल झाले होते. सगळे शकुबाईंचे. उज्वलाने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"ताय, अवं अन्ना उठलं." शकुबाई हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. "मगापासून फोन लावते, पार गार झालं होतं, आनि आत्ता, या मिनटाला. आपले आपन. मी भांडी घासत होते, पाठी बगते तं उबं हायत. काठी नाय, काय नाय. चालतायत बगा."

उज्वला व्हरांड्यातल्या पायरीवर बसली. तिला रडू कोसळलं. मागे सुधीर तिचं नाव घेत होता, तिने हाताने त्याला थांबवलं. "त्यांना फोन द्या. शकुबाई, अण्णांना फोन द्या."

"घेत नाय ते. ते दाराकरं चाललेत. बेल वाजली म्हनतात. मना तं नाय आयकू आली बेल."

उज्वला पायरीवरून उठली. "शकुबाई, दार उघडू देऊ नका."

"मी म्हनते, अन्ना बसा, मी उगरते. आयकत नाय."

"त्यांना धरा. काहीही करा, पण दार नका उघडू देऊ."

फोनवर कडी सरकल्याचा आवाज आला. ते दार पावसाळ्यात फुगतं आणि कडी खाली दाबून मग सरकवावी लागते. ती तशीच दाबून सरकवली गेली. मग शकुबाईंचा आवाज, एकदम बारीक झालेला. "ताय, दारात तं कोन नाय."

आणि त्यामागे अण्णांचा आवाज, पाच महिन्यांपूर्वी होता तसा, स्पष्ट, कुठेही न अडखळणारा.

"ये बाबा, आत ये. म्या बगितलं हुतं तुला. दगुड न्हवता, तू हुतास. म्या बगितलं हुतं."